कुंडीतल्या रुग्णाची तपासणी

पावसाळा सुरू झाला की नर्सऱ्यांमध्ये गर्दी होते आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवरही होते. पहिल्या ठिकाणी आपण हौसेने रोप घेतो, दुसऱ्या ठिकाणी काळजीने जातो. जास्वंदाच्या कळ्या गळत आहेत, मिरचीची पाने आकसली आहेत, मोगरा पिवळा पडला आहे. मोबाइलमधला फोटो पुढे करून प्रश्न विचारला जातो, ‘काय मारू?’ दुकानदार एक बाटली काढून देतो. ती घरी येते, एका झाकणाने अंदाजे मोजली जाते आणि उरलेली स्वयंपाकघराच्या ओट्याखाली किंवा बाल्कनीतल्या खणात जाऊन बसते.

या व्यवहारात एक पायरी गळून गेलेली असते, ती म्हणजे निदान. आपल्याला ताप आला तर डॉक्टर आधी नाडी, घसा, जीभ पाहतात. दोन प्रश्न विचारतात. झाडाच्या बाबतीत मात्र लक्षण दिसले की थेट औषध. त्यातून ‘दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला’ असा प्रकार घडतो. घरातल्या कुंड्यांच्या तक्रारींमध्ये कीड किंवा रोग हे कारण अनेकदा नसतेच. पाणी, मुळे, माती आणि ऊन या चार गोष्टींपैकी काहीतरी बिघडलेले असते. तिथे कीडनाशक मारून झाडाला काही फायदा होत नाही. घरात विष मात्र येते.

आधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न : त्रास कुठून सुरू झाला? खालच्या जुन्या पानांपासून की शेंड्याच्या कोवळ्या पानांपासून? दुसरा : तो कसा पसरतो आहे? सगळ्या कुंड्यांमधल्या वेगवेगळ्या जातींच्या झाडांना एकाच वेळी सारखाच त्रास होत असेल, तर कारण बहुधा निर्जीव असते : पाणी, ऊन, खताचा अतिरेक, कडक वारा. एकाच झाडाला, एका फांदीला सुरुवात होऊन त्रास हळूहळू शेजारी सरकत असेल, तर कीड किंवा रोगाचा संशय घ्यावा. तिसरा : गेल्या पंधरा दिवसांत काय बदलले? कुंडी हलवली, खत घातले, टाकीचे पाणी संपून बोअरचे सुरू झाले, समोर इमारत उभी राहिली?

या तिसऱ्या प्रश्नात उन्हाचाही हिशेब येतो. आपल्याकडे सूर्य हिवाळ्यात दक्षिणेकडे कललेला असतो. मे महिन्याच्या मध्यास तो पुण्या-मुंबईच्या डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारी किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे डिसेंबरात उन्हाने न्हाणारी दक्षिणेची बाल्कनी जूनमध्ये सावलीत जाते. ‘जानेवारीत भरभरून फुलणारे झाड आता का रुसले?’ याचे उत्तर कधीकधी एवढेच असते. लांबच लांब, बारीक, उजेडाकडे झुकलेल्या फांद्या ही उन्हाच्या उपासमारीची खूण. तिथे खत घालून उपयोग नाही. कुंडीची जागा बदलावी लागते.

ओल्या मातीत सुकणारे झाड

घरातल्या झाडांचा सर्वात मोठा शत्रू माया हा आहे. पान मान टाकू लागले की आपण पाणी घालतो. पण मान टाकण्याची दोन कारणे असतात आणि ती नेमकी उलट असतात : मुळांना पाणी मिळत नाही किंवा पाणी इतके झाले की मुळे गुदमरली आहेत. मुळेही श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, तिच्यातला प्राणवायू मुळे वापरतात. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर प्राणवायू मुळांपर्यंत पोहोचत नाही, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. मुळे मरू लागतात, कुजवणाऱ्या बुरशीचे फावते, आणि कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. परिणाम असा की पाण्यात उभे असलेले झाड तहानेने सुकते. आपण ते सुकलेले पाहून आणखी एक तांब्या ओततो.

तपासणी सोपी आहे. बोट दोन पेरे मातीत खुपसा. आत ओल लागली तर पाणी नको. कुंडी हलकी असेल तर उचलून पाहा. कोरड्या आणि ओल्या कुंडीच्या वजनातला फरक आठवड्याभरात हाताला कळू लागतो. संशय बळावला तर कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढा. पांढरी किंवा फिकट, घट्ट मुळे निरोगी. तपकिरी, लिबलिबीत, कुबट वासाची मुळे कुजलेली. कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत, त्या प्रमाणात वरच्या फांद्याही कमी कराव्यात आणि झाड भुसभुशीत, कोरडसर मातीत पुन्हा लावून आठवडाभर सावलीत ठेवावे. या काळात खत अजिबात देऊ नये.

तुळशीचे उदाहरण घ्या. घरोघरी पावसाळ्यात तुळस का जाते? रोज सकाळी पूजेचा तांब्या ठरलेला. वर पावसाची संततधार. वृंदावन सिमेंटचे, त्याच्या तळाला भोक नाही किंवा असलेले बुजलेले. खालची पाने काळी पडून गळतात, खोड बुडाशी मऊ होते आणि घरात कुजबुज सुरू होते की तुळस गेली म्हणजे काहीतरी अशुभ. अशुभ काही नाही, निचरा नाही. पावसाळ्यात पूजेचे पाणी पळीभर घालावे, वृंदावनात थेट माती भरण्याऐवजी भोक असलेली कुंडी आत ठेवावी आणि मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात. बी धरले की तुळशीची वाढ मंदावते. खुडत राहिले तर ती अधिक काळ हिरवी राहते.

पिवळ्या पानाची भाषा

‘पान पिवळे पडते, काय कमी आहे?’ याचे उत्तर कोणते पान पिवळे पडते यात आहे. नत्र आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडात फिरती असतात. कमतरता झाली की झाड जुन्या पानांतून ती काढून कोवळ्या पानांना देते. म्हणून नत्र कमी पडले की खालची पाने सगळीच्या सगळी फिकट पिवळी होतात. मॅग्नेशियम कमी असेल तर त्याच जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. लोह आणि कॅल्शियम मात्र एकदा जिथे गेले तिथेच राहतात. त्यामुळे त्यांची उणीव शेंड्याला दिसते. शेंड्याचे पान पिवळे, जवळजवळ पांढरे, आणि त्यावर शिरांची हिरवी जाळी उठून दिसत असेल तर ते लोहाच्या कमतरतेचे ठळक लक्षण.

महाराष्ट्रात मोगरा, गुलाब, लिंबू, जास्वंद यांच्यावर हे लक्षण वारंवार दिसते. गंमत अशी की मातीत लोह नसते असे नाही. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर असते. पण ती माती अनेक ठिकाणी चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी असते, आणि त्यात बोअरच्या जड पाण्याची भर पडते. अल्कधर्मी मातीत लोह अविद्राव्य रूपात अडकते आणि मुळांना उचलता येत नाही. पाटावर जेवण वाढलेले, पण हात बांधलेले. अशा वेळी जमिनीत खत ओतण्यापेक्षा पानांवाटे लोह द्यावे. एक लिटर पाण्यात दोन ते तीन ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी फवारल्यास आठ-दहा दिवसांत नवी पाने हिरवी येऊ लागतात. पुढचा उपाय म्हणून शेणखत, गांडूळखत वाढवावे आणि शक्य तेव्हा पावसाचे पाणी द्यावे.

पानांची टोके आणि कडा करपल्यासारख्या तपकिरी होत असतील आणि मातीवर किंवा कुंडीच्या बाहेर पांढरा थर दिसत असेल, तर क्षार साठले आहेत : जड पाण्याचे किंवा जास्तीच्या खताचे. कुंडीच्या दोन-तीन पट पाणी सावकाश ओतून ते तळातून वाहू द्यावे आणि महिनाभर खत थांबवावे. सध्या सगळ्यावर एकच उतारा म्हणून एप्सम सॉल्ट घालण्याची टूम आहे. ते मॅग्नेशियमचे मीठ आहे. मॅग्नेशियम कमी असेल तरच त्याचा उपयोग. गरज नसताना घातले तर ते कॅल्शियमच्या वाटेत येते. टोमॅटोच्या फळाचा बुडाकडचा भाग काळा, चामड्यासारखा होतो तो कॅल्शियम फळापर्यंत न पोहोचल्यामुळे, आणि त्यामागे बहुतेक वेळा पाण्याचा अनियमितपणा असतो : दोन दिवस कोरडे, तिसऱ्या दिवशी पूर. तिथे एप्सम सॉल्टने दुखणे वाढते.

पांढरा कागद आणि मुंग्यांची रांग

कीड ओळखायला महागडे साधन लागत नाही. एक पांढरा कागद घ्या, त्यावर मिरचीचा शेंडा दोन-तीनदा झटका आणि भिंगातून किंवा मोबाइल कॅमेऱ्यातून पाहा. पिवळसर, सळीसारखे, चटकन पळणारे जीव म्हणजे फुलकिडे. मिरचीची पाने वरच्या बाजूला वळून होडीसारखी होत असतील तर संशय फुलकिड्यांवर. कडा खालच्या बाजूला वळून पान अरुंद, लांबट होत असेल तर कोळी. पान झटकताच पांढरी धूळ उडाल्यासारखी दिसली तर पांढरी माशी. ती स्वतः रस शोषते आणि विषाणूही पसरवते. विषाणूमुळे आलेल्या चुरडा-मुरड्यावर कोणतेही औषध नाही. असे रोप मुळासकट काढून पिशवीत बांधून टाकणे हाच शेजारच्या रोपांचा बचाव.

जास्वंदावर कापूस चिकटल्यासारखे पांढरे पुंजके दिसतात तो पिठ्या ढेकूण. तो दिसण्याआधी एक चाहूल लागते : झाडावर चढणारी मुंग्यांची रांग. पिठ्या ढेकूण आणि मावा रस शोषून गोड चिकट द्रव टाकतात. त्यासाठी मुंग्या येतात आणि बदल्यात या किडींना शत्रूंपासून राखतात. त्याच चिकटपणावर पुढे काळी काजळी धरते. काजळी पुसून रोग जात नाही. मुंग्यांची वाट आधी तोडावी लागते. पुंजके कमी असतील तर कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून टिपून काढावेत. जास्त असतील तर फांदी छाटावी आणि उरलेल्या भागावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. नंतर लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा सौम्य द्रवरूप साबण मिसळून पानांच्या खालच्या बाजूसही पोहोचेल असे फवारावे आणि काही वेळाने झाड साध्या पाण्याने धुवावे. साबण किडीच्या अंगाला लागला तरच काम करतो, आणि मेणचट पिशवीतली अंडी वाचतात. म्हणून दर आठवड्याला एकदा, असे तीन वेळा करावे लागते. एका फवारणीत निकाल शोधणाराच पुढे जहाल औषधाकडे वळतो.

जहाल औषध प्रत्येक वेळी मदत करतेच असे नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण ही मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची कीड 2008 साली कोइमतूरमध्ये सापडली आणि पुढे महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरली. पपई, तुती, जास्वंद काहीच सुटले नाही. नुसत्या फवारण्यांनी ती आवरेना. 2010 मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने तिचा नैसर्गिक शत्रू, म्हणजे ॲसेरोफॅगस पपाये ही टाचणीच्या टोकाएवढी परजीवी गांधीलमाशी, पोर्टो रिकोतून आणून सोडली आणि कीड आटोक्यात आली. तिचे किंवा तिच्यासारख्यांचे, तसेच ढालकिड्यांचे काम आपल्या गच्चीवरही चालू असते. सरसकट विष फवारले की हे पाहरेकरी आधी मरतात आणि मेणाच्या आवरणाखालची कीड पुन्हा फोफावते.

ही अळी मारायची का?

कढीपत्ता आणि लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडते. मोठी होताच ती हिरवीगार होते आणि डिवचल्यावर डोक्यामागून नारिंगी-लाल दुबेळके बाहेर काढून उग्र वास सोडते. ही लिंबाळी किंवा तिच्या जातभाई फुलपाखरांची अळी. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखराचा मान दिलेले ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, त्याच कुळातले आणि तेही लिंबूवर्गीय झाडांवर वाढते. जोमदार झाड चार-सहा अळ्या सहज सोसते. रोप लहान असेल तर अळ्या हाताने उचलून मोठ्या झाडावर ठेवाव्यात. फवारणीची इथे अजिबात गरज नाही. कारण कढीपत्ता आपण खुडतो आणि लगेच फोडणीत टाकतो.

पावसातली बुरशी

रोग व्हायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात : रोगजंतू, त्याला बळी पडणारे झाड आणि अनुकूल हवा. जंतू सगळीकडे असतात, झाड बदलता येत नाही. हवा मात्र थोडीफार आपल्या हातात असते. गुलाबाच्या पानांवरचे काळे ठिपके पान काही तास ओले राहिले तरच धरतात. म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे, कुंड्यांमध्ये हात जाईल एवढे अंतर ठेवावे, गळलेली पाने उचलून टाकावीत. शेंड्याकडून वाळत येणारी फांदी हिरवा, निरोगी भाग लागेपर्यंत छाटावी. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसावी आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. पांढरी भुरी मात्र वेगळी. तिला पानावर पाणी लागत नाही. कोरडे दिवस आणि थंड, दमट रात्री तिला मानवतात. म्हणून ती दिवाळीनंतर जास्त दिसते. बाधित पाने काढणे आणि झाडाला ऊन-वारा देणे हा तिचा पहिला इलाज.

बाटली घरात येते तेव्हा

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्या शेतांमध्ये निदान मोकळी हवा होती. आपली फवारणी होते ती बंदिस्त बाल्कनीत, वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी, लहान मुलांच्या उंचीवर. कीडनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो : लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचे घरात कामच नाही. अनेक कीडनाशके आंतरप्रवाही असतात. ती पानाच्या आत शिरतात, धुऊन जात नाहीत. भारतातून युरोपात जाणाऱ्या कढीपत्त्यावर अशाच अवशेषांसाठी कडक तपासणी लावावी लागली होती. बाजारातला नको म्हणून घरी कढीपत्ता लावायचा आणि त्यावर तेच फवारायचे, यात काय साधले?

‘नैसर्गिक’ या शब्दानेही गाफील राहू नये. तंबाखूचा काढा हा जुना घरगुती उपाय आहे, पण त्यातले निकोटिन कातडीतून शरीरात शिरते, शिवाय तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला विषाणूची लागण होऊ शकते. कडुनिंबाचे तेल त्या मानाने बरे : लिटरला पाच मिलिलिटर, सोबत थोडा साबण, आधी एका फांदीवर चाचणी, मग संध्याकाळी फवारणी. ते किडीला लगेच मारत नाही, तिचे खाणे आणि कात टाकणे बिघडवते. पण तेही लहान मुलाच्या पोटात गेले तर गंभीर त्रास होतो. कोणतेही औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नये. चुकून पोटात गेले, किंवा फवारणीनंतर मळमळ, खूप घाम, लाळ, धाप, अंधूक दिसणे सुरू झाले, तर घरी उलटी करवू नका. रुग्णाला बाटलीसह थेट रुग्णालयात न्या. वेष्टनावरच्या नावावरून डॉक्टरांचे उपचार ठरतात.

आणखी एक रोग कुंडीतून थेट माणसाला होतो. कुंडीखालच्या बशीत साठलेले पाणी ही डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची आवडती जागा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, आणि बशीच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही काही महिने टिकतात. म्हणून बशी नुसती ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा घासायला हवी.

रविवारची दहा मिनिटे

या सगळ्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ एवढाच : आठवड्यातून एकदा, रिकाम्या हाताने बागेत जा. प्रत्येक झाडाचे एक जुने आणि एक कोवळे पान उलटून पाहा, मातीत बोट घाला, मुंग्यांची वाट शोधा, बशा घासा. कीड पहिल्या आठवड्यात सापडली तर बोटाने चिरडता येते. चौथ्या आठवड्यात बाटली आठवते. एका वेळी एकच बदल करा आणि दहा दिवस वाट पाहा. खत, जागा, पाणी आणि औषध एकदम बदलले तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही. पिवळे झालेले पान पुन्हा हिरवे होईल ही आशाही ठेवू नये. झाड बरे होते आहे की नाही हे नव्या पालवीवरून ओळखायचे. ती निरोगी फुटली, तर इलाज बरोबर होता.